न दुखणाऱ्या खुब्याची सतरा वर्षं

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि ते जवळ जाऊन त्यावर वाकले. मी खुर्चीत बसले होते, आमचे मिस्टर मागे उभे होते. मला त्यात दिसलं ते एवढंच: धातूचा पांढराशुभ्र गोळा, त्याच्याखाली मांडीच्या हाडात गेलेली दांडी, आणि गोळ्याच्या वर, कमरेच्या हाडात, काळे काळे डाग. ओल आलेल्या भिंतीचे पोपडे निघतात तसे.

"ऑपरेशन होऊन किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"सतरा."

"आणि याआधीचा शेवटचा एक्स-रे?"

मी मिस्टरांकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे पाहत होते. "पहिल्या वर्षी काढला होता," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, याला ऑस्टिओलायसिस म्हणतात. म्हणजे हाड विरघळणं. तुमच्या कृत्रिम सांध्याची वाटी ज्या हाडात बसवली होती, ते हाड आता फारसं शिल्लक नाही. वाटी कशाच्या आधाराने टिकून आहे, हे मलाही नीट सांगता येणार नाही."

"पण मले कधी दुखलंच नाही!" शहरात डॉक्टरांसमोर मी जपून बोलते. त्या दिवशी ते भान राहिलं नाही.

"नसेलच दुखलं," ते म्हणाले. "हा आजार शेवटपर्यंत दुखत नाही."

ज्यांचा खुबा किंवा गुडघा दुखतो ते डॉक्टरकडे जातातच, त्यांना माझ्या सांगण्याची गरज नाही. ज्यांचा सांधा बदलून झाला आहे, जे छान चालतात, ज्यांची फाइल ट्रंकेत तळाशी पडली आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. वाचून उदास वाटेल. माझा इलाज नाही, मलाही तसंच वाटतं.

बीबी या आमच्या गावी आमची पिठाची गिरणी आहे. आहे म्हणजे होती. लग्न होऊन आले तेव्हा सासरे चालवत, ते थकल्यावर मी हातात घेतली. मिस्टर शेतात आणि मी गिरणीत, अशी वाटणी. मी बारावी शिकलेली, नोकरी लागली नाही, पण गिरणीने मला कधी कमी पडू दिलं नाही. बाजाराच्या दिवशी तर डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची.

पिठाने मला दमा दिला. इथल्या डॉक्टरांनी दम्यावर बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. गोळी घेतली की तासाभरात छाती मोकळी व्हायची, म्हणून मी पुढे डॉक्टरांना न विचारताच दुकानातून आणून खात राहिले, पाच-सहा वर्षं. त्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या, हे मला खुबा गेल्यावर समजलं. चाळिसाव्या वर्षी उजव्या जांघेत ठणका सुरू झाला आणि वर्षभरात पाय टेकवेना. निदान झालं एव्हीएन, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही आणि तो जागच्या जागी मरतो. दम्याच्या त्या गोळ्यांमुळे असं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले.

संभाजीनगरला टोटल हिप रिप्लेसमेंट झालं. मेलेला गोळा काढून धातूचा बसवला, त्याच्यासाठी कमरेत धातूची वाटी, आणि वाटीच्या आत पॉलिएथिलीनचं अस्तर. पॉलिएथिलीन म्हणजे एक प्रकारचं मजबूत प्लास्टिक. चौथ्या महिन्यात मी गिरणीत उभी होते.

त्या सुखाचं वर्णन मी करू शकणार नाही. वर्षभर भिंती धरून चाललेली बाई डबा उचलून ओतायला लागली! डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, आणि दर वर्षी एक्स-रे काढायला यायचं. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. लग्नाच्या पंगतीत एकटीच खुर्चीवर बसून जेवले. तिसरी पहिल्या वर्षी पाळली, मग सोडली.

का सोडली ते सांगते, कारण ही चूक माझी आहे आणि माझ्या धंद्याची आहे.

गिरणीवाल्याचं सगळं ज्ञान कानात असतं. दळण संपत आलं की आवाज बदलतो. पट्टा सैल झाला की वेगळा आवाज, बेअरिंग गेलं की वेगळा. वर ओतलेला दाणा संपला आणि तुमचं लक्ष नसलं, तर वरचा दगड खालच्या दगडाला घासायला लागतो आणि असा आवाज काढतो की झोपलेला माणूस उठेल. मग पिठात दगडाची कचकच येते आणि गिऱ्हाईक डबा परत आणून आपटतं. दाणा मध्ये आहे तोवर दगड दगडाला लागत नाही. वीस वर्षं मी या एका आवाजावर कान ठेवून धंदा केला.

खुब्याचंही मी तसंच धरलं. सकाळी उठले की दोन पावलं टाकून कानोसा घ्यायचा. आवाज नाही, कळ नाही, म्हणजे आत सगळं जागेवर आहे. चालत्या गिरणीचे दगड कोणी उगाच उचलून पाहतं का? असं मी मिस्टरांना ऐकवायची आणि ते मान हलवायचे. एक-दोन वर्षं ते "जाऊन येऊ न वं" म्हणाले, मग त्यांनीही नाद सोडला.

आणि मी नुसती स्वतः गेले नाही एवढ्यावर थांबले असते तर बरं. गावात मी नमुना झाले होते. कोणाचा खुबा मोडला, कोणाचे गुडघे झिजले की लोक गिरणीवर यायचे, माझी चाल पाहायचे, धीर घेऊन जायचे. आमच्या गल्लीतली कुसुम तशीच आली. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलेली. तिचा नवरा तिला खुर्चीवर बसवून गिरणीत घेऊन आला होता. मी तिच्यासमोर चालून दाखवलं. तिचाही खुबा बदलला, ऑपरेशन छान झालं. वर्षाने तपासायला जायची वेळ आली तेव्हा तिने मला विचारलं आणि मी म्हटलं, "कशाले जातं व? मी गेली का? दुखत नाही तोवर डॉक्टरचं तोंड पाहू नको."

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट.

माझी पहिली खूण दुखण्याची नव्हती. चपलेची होती. उजवी चप्पल बाहेरच्या बाजूने झिजायला लागली. मग लोक विचारू लागले, "ताई, लंगडून काऊन राह्यल्या?" मी म्हणायची, वय झालं. नात्यातल्या एका बाईने निदानच करून टाकलं की सांध्यातलं वंगण संपलं, तूप खा, डिंकाचे लाडू खा. मी लाडू केले, खाल्ले, तिळाच्या तेलाने मालिश करून घेतली. वजन वाढलं तेवढं. मग एके सकाळी ज्वारीचा डबा ओतायला पाय उंचावर ठेवला आणि जांघेत काहीतरी खचल्यासारखं झालं. डबा सांडला. गिऱ्हाइकांनी मला धरून पोत्यावर बसवलं.

त्यानंतर तो एक्स-रे.

वंगणाचं मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी कागद घेऊन वाटी काढली, गोळा काढला.

"कृत्रिम सांध्यालाही वंगण असतं," ते म्हणाले. "तुमचं शरीरच ते तयार करतं. त्याला सायनोव्हियल फ्लुइड म्हणतात, चिकटसर पाणी असतं. तुम्ही चालता तेव्हा ते गोळा आणि अस्तर यांच्या मध्ये ओढलं जातं, अगदी पातळ थर होतो. उभ्या राहिलात की तो थर वजनाने दाबून बाहेर जातो. मग पुढचं पाऊल टाकताना धातू प्लास्टिकला थेट घासतो. तूप खाऊन त्यात फरक पडत नाही."

"मी दिवसभर उभीच असते," मी म्हटलं. "दोन पावलं टाकायची की पुन्हा उभं."

"त्याने झीज थोडी वाढली असेल. पण चालतानाही हा थर पूर्ण पुरत नाही, कुठे ना कुठे घासतंच. प्रत्येक पावलाला थोडं थोडं. हे सगळ्यांचंच होतं."

पुढचं त्यांनी कागदावर ठिपके काढत सांगितलं. घासून निघालेले कण इतके बारीक असतात की मैद्याचा कण त्यांच्यापुढे खडा म्हणावा. ते त्याच पाण्यातून सांध्याभर फिरतात आणि जिथे हाड आणि वाटी यांच्या मध्ये फट मिळेल तिथे शिरतात. शरीरात कचरा गिळणाऱ्या पेशी असतात, मॅक्रोफेज. त्या हे कण गिळतात, पण प्लास्टिक काही पचत नाही. मग त्या खवळतात, आणखी पेशींना बोलावतात, आणि या गोंधळात हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणजे प्लास्टिकने माझं हाड खाल्लं नव्हतं. माझ्याच शरीराने खाल्लं होतं, साफसफाई करता करता.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"कसला आवाज?"

"काही नाही," मी म्हणाले.

"दहा वर्षांपूर्वी आल्या असतात," डॉक्टर कागद बाजूला सारत म्हणाले, "तर नुसतं अस्तर बदललं असतं. लहान ऑपरेशन. आता रिव्हिजन करावं लागेल, म्हणजे जुनी वाटी काढून नवी बसवणं, आणि ती बसवायला हाडच नाही. दुसऱ्याचं दान केलेलं हाड भरावं लागेल, वर धातूचा पिंजरा. जमलं तर चालाल. जमेलच असं सांगत नाही."

"आणि नाही केलं तर?"

"तर वाटी एक दिवस कमरेच्या आत शिरेल."

बाहेर बाकावर बसून मी रडले. इतकं मोठ्याने की शेजारच्या बाईने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मिस्टर म्हणाले, "काऊन रडून राह्यली व? होईन ना सगळं बरोबर." त्यांना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी सतरा वर्षांत मला एकदा हात धरून गाडीत का बसवलं नाही, असं काहीसं होतं. हा अन्याय होता. ज्या बाईने कोणाचं ऐकलं नाही, तिला कोण गाडीत बसवणार?

ऑपरेशनच्या आधी अकरा दिवस तपासण्यांत गेले. रक्त झालं. सीटी स्कॅन झाला, त्यात हाडाचे काप दिसतात आणि कुठे किती पोकळ आहे ते मोजता येतं. सांध्यात सुई घालून पाणी काढलं, जंतू आहेत का ते पाहायला. नव्हते. त्या पाण्याची बाटली नर्सच्या हातात मी पाहिली. पिवळट, गढूळ. माझं वंगण. मला त्याची किळस आली.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हट्टाखातर जुनं अस्तर डबीतून आणून दाखवलं. हातावर घेतलं तर लिंबाच्या अर्ध्या सालीसारखं दिसत होतं, पांढरट पिवळं, आतून गुळगुळीत. मी बोट फिरवलं. एका बाजूला ते पातळ झालं होतं, नखाच्या जाडीएवढं असेल.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं होतं भोक पडलं असेल, तुकडे उडाले असतील. इतकी वर्षं झिजलेले दगड टाकीने ठोकून पुन्हा खरखरीत करून घेणारी मी, झीज म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नव्हती. तरी एवढ्याशा झिजेने माझी कंबर पोखरली हे मनाला पटेना. अजून पटत नाही.

तीन महिने पाय टेकवायचा नव्हता. बीबीच्या घरात पुढच्या खोलीत पलंग टाकला. त्या तीन महिन्यांबद्दल लोक नेहमी लिहितात की घरच्यांनी फुलासारखं जपलं. जपलं, खोटं कशाला बोलू? साठीला टेकलेला माणूस बायकोचं भांडं उचलतो, तिला पुसतो, वेणी घालायला शिकतो आणि वेणी वाकडीच घालतो. मला त्यांची दया येत होती, आणि मग त्या दयेचाच राग. एकदा मी वेणी उपटून मोकळी केली. ते उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आले.

गिरणी बंद होती. बायका डबे घेऊन पलीकडच्या गिरणीत जायच्या. खिडकीतून मला त्यांचे पाय दिसायचे, कोण कोणाचं ते चालीवरून ओळखायचे. मरावं असं वाटलं नाही, पण सकाळी डोळे कशासाठी उघडायचे हेही समजेना. बुद्धवंदनेला शेजारणी बोलवायला आल्या की मी झोपेचं सोंग घ्यायची. अनिच्च, सगळं अनित्य आहे, हे मी लहानपणापासून म्हणत आले. म्हणायला सोपं होतं. माझंच हाड अनित्य निघाल्यावर मला त्यातून काडीचा धीर मिळाला नाही.

सहा महिन्यांनी संभाजीनगरला एक्स-रे. मी वॉकर धरून आत गेले, मनात ठरवून की आज सोडायला सांगतील. डॉक्टर पुन्हा तसेच पेटीसमोर उभे राहिले.

"भरलेलं हाड अर्धं जुळलंय," ते म्हणाले, "अर्धं विरघळलं. पिंजरा थोडा कलंडला आहे. सध्या टिकून आहे. वॉकर सोडू नका."

"कधीपर्यंत?"

ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले, टाळलं नाही. "कायमचं धरून चाला. पुन्हा उघडून फायदा होईल असं मला वाटत नाही. आतलं हाड तो धक्का सोसणार नाही."

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकवून बसले. सिंदखेडराजा गेलं, तेव्हा मला एकदम कुसुम आठवली. इतके महिने मी माझ्याच हाडाच्या विचारात होते. तिचा खुबा नऊ वर्षांचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावणं धाडलं. ती आली, तुरुतुरु चालत, हातात माझ्यासाठी वाटीभर साखरभात. माझी विचारपूस केली. मी म्हटलं, "कुसुम, तू एक्स-रे काढून घे."

"मले काय झालं ताई? मी तर मस्त हाये."

"मस्त हायेस म्हणूनच म्हणून राह्यली मी."

"पण तुम्हीच तर सांगतलं होतं, दुखल्याशिवाय जायचं नाही."

"हाव. मीच सांगतलं होतं. चुकीचं सांगतलं."

ती हसली. तिला वाटलं आजारपणाने माझं डोकं फिरलं. मग मी एक केलं, जे नवऱ्याशिवाय कोणासमोर केलं नव्हतं. वॉकर धरून उठले, तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, पाहा. चार पावलं टाकली. उजवा पाय जमिनीवर ओढत, कंबर एका बाजूला पडत, तोंडातून कण्हणं निघत. तिने हातातली वाटी खाली ठेवली. पाचवं पाऊल टाकताना तिनेच मला धरलं.

पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याबरोबर जाऊन एक्स-रे काढून आली. तिच्याही वाटीच्या वर डाग होता. बोराच्या बीएवढा, एकच. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, अस्तर बदलू, हाड शाबूत आहे.

हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. ती स्वतः आली ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दारातच उभी राहिली.

"ताई, आठ वर्षं तुमच्या भरोशावर राह्यली मी," ती म्हणाली. "आता पुन्हा कापून घ्या लागते मले. तुमचं ऐकून!"

ती खरं बोलत होती.

तुमच्यापैकी कोणाचा सांधा बदललेला असेल, तर दर वर्षी जा. दुखत नसलं तरी जा. गावात कोणी छान चालणारी बाई "काही होत नाही" म्हणाली, तर तिचं ऐकू नका. ती खोटं बोलत नसते, तिला ठाऊक नसतं. माझ्यामुळे कुसुमखेरीज आणखी चार जण तपासायला गेले नव्हते. त्यांच्या घरी मी मिस्टरांना चिठ्ठी देऊन पाठवलं. दोघे जाऊन आले. दोघांनी चिठ्ठी ठेवून घेतली.

कुसुमचं ऑपरेशन चांगलं झालं. तिचं हाड वाचलं. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिने बोलावं असं मी कोणाकरवी सांगूनही पाठवलेलं नाही. परवा मी ओट्यावर बसले होते तेव्हा ती पलीकडच्या गिरणीतून दळण घेऊन चालली होती. काठी नव्हती, डबा डोक्यावर होता, दोन्ही पाय सारखे पडत होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीच्या वळणापर्यंत मी तिची पावलं पाहत राहिले.